नेपोमुकचा डावा पाय

झेवेरिन हिर्लने चोर धरला असं कानावर आलं की पिलहोफेनची माणसं म्हणायची, "म्हणजे चोरच दमून बसला असणार." लढाईच्या आधी तो आमच्या गावचा पोलीस होता. पोट पुढे, मिशा पोटाच्याही पुढे, आणि सायकल इतकी कुरकुरणारी की साहेब येताहेत हे अख्ख्या गल्लीला आधीच कळावं. बिनदिव्याची सायकल दिसली की तो थांबवायचा, गाय व्याली का विचारायचा, वासराची चौकशी करायचा, आणि दिव्याचं बोलायचं राहूनच जायचं. गुत्त्यात हाणामारी झाली की मुद्दाम सावकाश निघायचा. तो पोचेपर्यंत दोघेही एका बाकावर बसून एकमेकांच्या गळ्यात पडलेले असायचे. भित्रा होता असं नाही. त्याला कुणाशी वाकडं घ्यायचं नव्हतं, इतकंच. नाकासमोर चालायचं, वरच्याने सांगितलेलं ऐकायचं आणि रविवारी चर्चहून आल्यावर डुकराचं मटण बटाट्याच्या गोळ्यांबरोबर चापायचं, एवढ्यात त्याचं आयुष्य मावत होतं.

लढाई सुरू झाली तशी सरकारने गावोगावचे असे पोलीस उचलले आणि लष्करी पोलिसांत घातले. गळ्यात साखळी, साखळीला छातीवर लोंबणारा चंद्रकोरीसारखा पत्रा, आणि त्यावर अंधारातही चमकणारी अक्षरं. साध्या शिपायांना शत्रूपेक्षा या पत्र्याची धास्ती जास्त. शत्रू निदान समोरून यायचा. शिपाई या लोकांना 'साखळीची कुत्री' म्हणत, अर्थात पाठ वळल्यावर. पहिल्या रजेवर झेवेरिन घरी आला तेव्हा त्याची बायको वालबुर्गा तो पत्रा बोटाने उचलून म्हणाली, "जत्रेत आपल्या बैलाला बांधायचो तसलंच आहे की हे!" तेव्हा झेवेरिन पोट धरून हसला. पुढच्या रजांमध्ये तो पत्रा दारामागे टांगून ठेवायचा आणि त्यावरचा विनोद त्याला खपायचा नाही.

"तिकडे करतोस काय रे तू?" ती विचारायची.

"रस्ता सांभाळतो."

"म्हणजे?"

"म्हणजे गाड्या सोडायच्या, गाड्या अडवायच्या. आणखी काय?"

खोटं नव्हतं ते. पूर्वेकडच्या मुलखात तो लाल चकती घेऊन चौकात उभा असायचा. गाड्यांमध्ये कधी दारूगोळा असे, कधी जखमी असत, आणि कधी माणसं असत, म्हातारी, बायका, लेकरं, बोचक्यांसकट. ते ट्रक जंगलाच्या वाटेला लागायचे आणि रिकामे परत यायचे. झेवेरिनने त्यांनाही वाट करून दिली. ते कुठे जातात हे त्याने कुणाला विचारलं नाही, कारण विचारायची गरज नव्हती. न कळण्याइतका तो बावळट नव्हता. त्याची कीव करायला बसण्याआधी हे सांगून टाकलेलं बरं.

लढाईच्या शेवटच्या वसंतात सैन्य मागे हटत हटत आमच्या नाब नदीपर्यंत आलं आणि झेवेरिनच्या तुकडीला नेमका पिलहोफेनचाच पूल मिळाला. पश्चिमेकडून अमेरिकन तोफांचा आवाज रोज थोडा जवळ येत होता. नदी वितळलेल्या बर्फाने फुगलेली, पोहून जाणं शक्य नाही, होड्या सैन्याने जाळलेल्या. पुलाच्या पश्चिम टोकाला आडवा बांबू टाकून झेवेरिन उभा राहिला. पलीकडच्या टोकाला त्याचं गाव, त्याचं घर, आणि घराच्या धुराड्यातून निघणारा धूर. माणूस आपल्याच अंगणात पहारेकरी होऊन उभा राहतो तेव्हा त्याला कुठे बघावं कळत नाही. तो बहुतेक वेळ बुटांकडे बघायचा.

तुकडीचा साहेब होता लेफ्टनंट टीडेमान. उत्तरेचा, समुद्राकाठचा, वयाने झेवेरिनच्या निम्मा, चांगल्या घरचा, कधी आवाज न चढवणारा. तुकडी सोडून भटकताना सापडलेल्या शिपायाचा निवाडा तो तिथल्या तिथे करायचा. पुलाच्या पश्चिम टोकाजवळच्या गुत्त्यात एक टेबल, टेबलाशी तीन खुर्च्या, झालं न्यायालय. गुत्त्यासमोरच्या लिंडनच्या झाडाला तेव्हा दोन पोरं लटकत होती, गळ्यात 'मी भेकड आहे' अशी पाटी. झाडाला शिडी लावली तेव्हा ती धरायला झेवेरिनला सांगितलं होतं. त्याने धरली. खाली उतरवू का, असं त्याने दुसऱ्या दिवशी विचारलं, तर टीडेमान हळुवारपणे म्हणाला, "राहू द्या, हवालदार. बघणाऱ्यांना उपयोग होतो."

त्या पुलाच्या मध्यावर, कठड्यावर, नेपोमुकचा दगडी पुतळा आहे. या संताला नदीत बुडवून मारलं, म्हणून आमच्याकडे पूल म्हटला की तो नेपोमुकच्या हवाली. इतर गावांत लोक त्याच्यासमोर टोपी काढतात आणि पुढे जातात. पिलहोफेनचं मात्र वेगळं. आमचा माणूस जाता जाता उजव्या हाताची दोन बोटं संताच्या डाव्या पायाला लावतो आणि मग स्वतःच्या कपाळाला. तो पाय झिजून झिजून गुळगुळीत झालाय, अंगठा तर केव्हाच गेला. बाप्तिस्मा झाला की बाळाला घरी नेण्याआधी धर्मबापाने पुलावर न्यायचं आणि त्याची बोटं त्या पायाला लावायची, ही इथली रीत. मग ती बोटं जन्मभर आपली आपण जातात. डोक्यावर भारा असो, प्यायलेला असो, बायकोशी भांडत चाललेला असो, पायाला हात लागतोच.

एका दुपारी उन्हं छान पडली होती. रस्ता रिकामा होता. टीडेमानने आपल्या डब्यातला सॉसेजचा तुकडा झेवेरिनला दिला आणि सहज विचारलं, "हवालदार, या बायका पुतळ्याला हात कशाला लावतात हो?"

इतक्या दिवसांत साहेबाने आपुलकीने विचारलेला हा पहिलाच प्रश्न. झेवेरिनचा चेहरा खुलला. त्याने सगळं सांगितलं, हात लावून दाखवलंसुद्धा. "परक्या माणसाला हे माहीतच नसतं, साहेब. शेजारच्या गावचेसुद्धा नुसती टोपी काढतात. पाय शिवणारा म्हणजे पक्का पिलहोफेनचा. आमच्या मुलांना चालायच्या आधी हे येतं."

"छान आहे," टीडेमान म्हणाला. "जुन्या रीती जपायला हव्यात."

दुसऱ्या दिवशी झेवेरिन दुपारचं जेवायला घरी गेला होता. मागच्या दाराने अफ्रा आली, ॲप्रनखाली सलगम घेऊन, शेजारणीला द्यायला आल्यासारखी. अफ्रा म्हणजे शेजारच्या घरातली विधवा. नवरा लाकडाच्या गिरणीत अपघाताने गेला तेव्हा तिचा क्विरिन पाळण्यात होता. झेवेरिन त्याचा धर्मबाप. त्याला आणि वालबुर्गाला मूल नव्हतं, त्यामुळे नावालाच धर्मबाप राहिला नाही. क्विरिनला सायकल त्याने शिकवली, मासे धरायला त्याने नेलं, आणि पोराचा हात पुरत नव्हता तोवर त्याला खांद्यावर बसवून रोज नेपोमुकचा पाय शिववला. दर वर्षी मृतांच्या सणाला गोड पावाची वेणी द्यायची असते, ती झेवेरिनची वेणी पोरापेक्षा लांब असायची. हाच क्विरिन आता एकोणीस वर्षांचा शिपाई होता आणि सगळ्या हिवाळ्यात त्याची काही खबर नव्हती.

अफ्राने दार लावून घेतलं. "झेवेरिन, पोरगा आलाय."

झेवेरिनचा चमचा वाटीतच राहिला. "कुठंय?"

"नदीपल्याड. माझ्या बहिणीच्या गोठ्यात. जबड्याला गोळी चाटून गेलीय. सगळं तोंड बांधलंय, बोलता येत नाही."

"पळून आलाय?"

"नाही, वाजतगाजत पाठवलाय त्याला! पळूनच आला. त्याची तुकडी गारद झाली, हा एकटा उरला. मग काय तिथंच बसायला हवं होतं, तुझ्या साहेबाची वाट बघत?"

"हळू बोल गं," वालबुर्गा म्हणाली आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली.

"तिकडंच राहू दे त्याला," झेवेरिन म्हणाला. "अमेरिकन आले की सुटला."

"उद्या दुपारी तिकडचे गोठे तपासणार आहेत. तुझेच लोक. माहीत नाही तुला?"

माहीत होतं.

अफ्राने सगळं ठरवूनच आणलं होतं. क्विरिनजवळ मेलेल्या सोबत्याचे कागद होते. कुणी दूर उत्तरेच्या पॉमेरानियाचा पोरगा, जखमी, पुढच्या शहरातल्या इस्पितळात जाण्याचा हुकूम असलेला. कागद खरे, शिक्का खरा, माणूस तेवढा खोटा. तोंड बांधलेलं, म्हणजे बोली ऐकून कुणी ओळखायचा प्रश्न नाही. पूल ओलांडला की डावीकडे गिरणीची गल्ली, गल्लीमागे तिचं घर, आणि घराखाली बटाट्याचं तळघर.

"पुलावर सगळे परमुलखातले," ती म्हणाली. "त्याला ओळखणारा तूच एक. तू काही करायचं नाहीस. तुझ्याकडे काही मागत नाही मी. फक्त ओळख दाखवू नकोस."

"काही न करणं तर याला चांगलंच जमतं," खिडकीपासून वालबुर्गा म्हणाली.

झेवेरिनला लिंडनचं झाड दिसत होतं, आणि सापडलं तर त्याच झाडाला आपणही असू हे कळत होतं. इकडे आड, तिकडे विहीर. पण त्या माणसाच्या बाजूने बोलायचं तर एवढं बोलता येईल की त्याने एका क्षणाचाही वेळ घेतला नाही. "सकाळी येऊ दे," तो म्हणाला. "गर्दीत. धावायचं नाही, रेंगाळायचं नाही. माझ्याकडे बघायचं नाही. साहेबाला कडक सलाम. आणि तू घरात बस, अफ्रा."

"मी रोज पुलापाशी कपडे धुते. उद्या नसले तर लोकांना पहिला संशय येईल."

"मग मान वर करू नकोस."

बूट, टोपी, चाल, सलाम, सगळ्याचा विचार तिघांनी केला. वालबुर्गाने तर पट्टी रक्ताने भिजलेली राहू दे, बदलू नका, असंही सुचवलं. पायाचा विचार कुणाच्याच मनात आला नाही. श्वास घेऊ नकोस असं कुणी कुणाला बजावतं का?

सकाळी पुलावर गाड्या, हातगाड्या, लंगडणारे शिपाई, निर्वासित बायका यांची रीघ लागली होती. झेवेरिनच्या बाजूला कुंत्से नावाचा त्याचा जोडीदार होता, बोलका, प्रत्येकाला काही ना काही टोचल्याशिवाय न सोडणारा. मागे दोन पावलांवर टीडेमान, हातमोजे घातलेले हात पाठीशी बांधून.

क्विरिन एका गवताच्या गाडीमागून आला. डोळे आणि नाक तेवढं उघडं होतं. झेवेरिनने त्याला पट्टीवरून नाही, चालीवरून ओळखलं. बापाचीच चाल, उजवा खांदा जरा पुढे.

"काय रे, दाढ दुखते?" कुंत्से म्हणाला. मागचे शिपाई हसले. क्विरिनने डोळ्यांनीच हसल्यासारखं केलं. शहाणं पोर.

झेवेरिनने कागद घेतले. बोटं थरथरू नयेत म्हणून त्याने ते पोटावर टेकवून वाचले. नाव परकं, गाव परकं. कागदाच्या वरून क्विरिनचे डोळे दिसत होते, आणि तो सांगितल्याप्रमाणे झेवेरिनकडे न बघता त्याच्या छातीवरच्या पत्र्याकडे बघत होता. "पॉमेरानिया. इस्पितळ," झेवेरिन मोठ्याने म्हणाला. टीडेमानने कागदांवर नजर टाकली, मान हलवली. "लवकर बरे व्हा," तो म्हणाला. क्विरिनने कडक सलाम ठोकला. कुंत्सेने बांबू वर केला.

पलीकडच्या टोकाला अफ्रा खाली वाकून चादर पिळत होती. मान वर करू नकोस म्हटलं तरी आईच ती. तिने केली.

क्विरिन चालत गेला. धावला नाही, रेंगाळला नाही. आई दिसत होती, गिरणीची गल्ली दिसत होती, अर्धा पूल मागे पडला होता. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्या पोराच्या छातीवरचा धोंडा उतरला असेल, आणि तिथेच घात झाला. त्याचा उजवा हात आपला आपण वर गेला. दोन बोटं नेपोमुकच्या डाव्या पायाला लागली, मग कपाळाला. जित्याची खोड म्हणतात ती हीच.

झेवेरिनने पाहिलं. देवा, साहेबाने पाहिलं नसू दे, एवढंच त्याच्या मनात आलं.

"हवालदार," मागून मऊ आवाज आला, "तो माणूस कुठला म्हणालात?"

"पॉमेरानियाचा, साहेब."

"बोलवा परत."

झेवेरिनने पुढच्या माणसाच्या कागदांसाठी हात पुढे केला. "थांब!" असं कुंत्सेच ओरडला आणि त्याने बंदूक खांद्याला लावली. क्विरिन थांबला. पुढे आई होती, गोळी सुटली असती तर तिच्याच दिशेने गेली असती. तो वळला आणि जसा गेला तसाच चालत परत आला.

"हा तुमच्या गावचा आहे, हवालदार?"

"मी ओळखत नाही याला, साहेब." निदान एवढं तरी तो बोलला.

टीडेमान हसला, त्यात राग नव्हता. "तुम्हीच तर सांगितलंत. पाय शिवणारा तो पक्का पिलहोफेनचा." त्याने क्षणभर झेवेरिनच्या चेहऱ्याकडे पाहिलं. सगळं त्याला कळलं असावं. पण माणसं कमी पडत होती, आणि म्हातारा हवालदार झाडापेक्षा पुलावर जास्त उपयोगाचा. "तुम्ही इथे राहा. पुलाच्या मध्यावर. काम होईपर्यंत तिकडून कुणाला येऊ द्यायचं नाही. रस्ता सांभाळा."

मग क्विरिनने त्याच्याकडे पाहिलं, एकदाच. त्या नजरेत दोष नव्हता. आपलं काय चुकलं हे त्या पोराला कळलंच नव्हतं, आणि ते त्याला सांगायलाही कुणी नव्हतं.

झेवेरिन पुलाच्या मध्यावर जाऊन उभा राहिला, नेपोमुकच्या शेजारी. अफ्रा चादर टाकून धावत आली. तिने त्याच्या छातीवर बुक्क्या मारल्या, साखळी ओढली, "सोड मला, मेल्या, सोड!" म्हणून किंचाळली. त्याने तिला दोन्ही हातांनी आवळून धरलं, तिचं तोंड आपल्या कोटात दाबलं आणि तिची पाठ त्या झाडाकडे राहील असा उभा राहिला. त्याला स्वतःला मात्र सगळं दिसत होतं. हुकूम पाळत होतो की तिला सांभाळत होतो, हे त्यालाही पुढे कधी सांगता आलं नाही. तिला सोडलं असतं तर कुंत्सेने गोळी घातली असती हे खरं. पण हुकूमही तोच होता, हेही खरंच.

आठवडाभरात अमेरिकन आले. टीडेमान त्याच्या आदल्या दिवशीच मोटारीतून निघून गेला, पुढे त्याचं काय झालं कोण जाणे. झेवेरिन कैदेत राहून दीडेक वर्षाने परतला. पोलिसाची नोकरी त्याने मागितली नाही, कुणी देऊही केली नाही. गिरणीत तो फळ्या रचायचा. गावात कुजबुज होतीच, की पोराला त्यानेच डोळ्याने खूण करून धरून दिलं. ती थांबवली अफ्राने. दुकानात भर गर्दीत ती म्हणाली, "मी तिथं होते. त्याने पोराला सोडलं होतं. त्या उत्तरेकडच्या सैतानाला संशय आला, त्याला हा काय करणार? आणि मला बघू दिलं नाही, तेही बरंच केलं. माझ्या झेवेरिनला कुणी बोलायचं नाही."

संशय कशावरून आला, हे तिने कधी विचारलं नाही. झेवेरिनने वालबुर्गालाही सांगितलं नाही. पूल ओलांडताना तो पलीकडच्या कठड्याने जायचा, दोन्ही हात खिशात घालून. लोक म्हणायचे, लढाईत त्याची श्रद्धा उडाली.

मृतांच्या सणाला अफ्रा त्याच्या दारात आली, ॲप्रनखाली पावाची वेणी घेऊन. "दर वर्षी तू द्यायचास, यंदा मी आणलीय," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात बसली. तिनेच वेणीचा तुकडा मोडून त्याच्या हातात दिला. मग ती म्हणाली, "मला एकाच गोष्टीने झोप लागते, झेवेरिन. जाण्याआधी त्याने नेपोमुकचा पाय शिवला होता. डोळ्यांनी पाहिलं मी. तू शिकवलंस ते शेवटच्या घडीलाही विसरला नाही. संताने तेवढं तरी त्याला जवळ घेतलं असेल. देव तुझं भलं करो."

झेवेरिनने वेणीचा तुकडा तोंडात घातला होता. ती जाईपर्यंत त्याने तो तसाच गालात धरून ठेवला.

वसंतात अफ्राच्या बहिणीला नातू झाला. नाव क्विरिन ठेवायचं ठरलं, आणि धर्मबाप झेवेरिनच हवा असा अफ्राने हट्ट धरला. तो नको म्हणाला, तब्येतीचं कारण काढलं, मी लायक नाही असंही म्हणून पाहिलं. "नाटकं पुरेत," ती म्हणाली. चर्चमधून सगळे पुलावर आले. झेवेरिनच्या हातात बाळ, मागे बायका, पुढे नेपोमुक. लिंडनच्या झाडाला नवी पालवी फुटली होती. झेवेरिन पुतळ्यासमोर उभा राहिला आणि उभाच राहिला. बाळाची मूठ त्याच्या अंगठ्याला घट्ट धरून होती.

"अरे, हात किती कापतोय तुझा. म्हातारा झालास," अफ्रा म्हणाली. तिनेच पुढे होऊन ती इवलीशी मूठ सोडवली, दोन बोटं उलगडली आणि दगडाला लावली. "अशी. दोनच बोटं. तुझ्या या धर्मबापाने माझ्या क्विरिनला शिकवलं होतं बरं का, बाळा. तू पण विसरायचं नाहीस."

झेवेरिनने तोंड उघडलं. "अफ्रा, त्या दिवशी—"

थंडगार दगड लागल्याने बाळाने भोकाड पसरलं. बायका हसल्या, कुणीतरी बाळाला त्याच्या हातातून घेतलं, सगळे जेवायला घराकडे वळले, आणि सांगायचं ते राहूनच गेलं.